बुजवलेला पाया

सकवारबाई मोहिते यांना शाळेतली मुलं अक्का म्हणत आणि मुलांचे आईबापही अक्काच म्हणत, कारण त्यांतले निम्मे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. चौतीस वर्षं एका शाळेत, त्यांतली शेवटची तेरा मुख्याध्यापिका. जयनगरचा चौथ्या ब्लॉकातला बाजार ओलांडून मागच्या गल्लीत शिरलं की लिंबाचं झाड दिसतं. तीच शाळा. कौलारू, सहा खोल्या, पाचवीपर्यंत. ती चालवणारी संस्था इथल्या जुन्या मराठा घरांची आहे, म्हणजे ज्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि परत गेले नाहीत अशांची. मास्तरांचे पगार सरकारी अनुदानातून होतात. शिकवणं कन्नडमध्ये, शनिवारी एक तास मराठीचा, आणि तो तास अक्का स्वतः घेत.

आम्ही नागपूरहून इथे आलो तेव्हा आमच्या मुलीला, शाल्मलीला, याच शाळेत घातलं. बेंगळुरात राहायचं तर पोरीला कन्नड आलंच पाहिजे, असं माझ्या नवऱ्याचं, विलासचं मत. माझं मत, घर जवळ आणि फी कमी. नातेवाईक अजून विचारतात की इंग्रजी शाळा मिळाली नाही का. मी म्हणते, मिळाली, पण तिथे अक्का नव्हत्या. हे मी आता म्हणते. तेव्हा मला अक्का माहीत नव्हत्या.

माहीत झाल्या त्या शाल्मलीच्या पोटदुखीमुळे. माझ्या भावाच्या लग्नासाठी आम्ही आठ दिवस नागपूरला गेलो होतो. शाळेत एक पद्धत होती. गैरहजर राहिलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी कारणाची चिठ्ठी आणायची, आणि ती आईने नाही, मुलानेच लिहायची, मग पहिलीतलं का असेना. मी शाल्मलीला पाटीवर घालून दिलं, पोट दुखत होतं. तिने ते बघून कागदावर उतरवलं. चिठ्ठी लाल शाईचं वर्तुळ घेऊन परत आली आणि तिच्याबरोबर मलाही बोलावणं आलं.

अक्का ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा, इरकली साडी, पायात रबरी चप्पल. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"पोट आठ दिवस दुखलं," त्या म्हणाल्या, "आणि पोरीच्या हाताला मेंदी?"

मी बी.ए. आहे, अर्थशास्त्रात दुसरा वर्ग. त्या दिवशी पहिलीतल्या मुलीसारखी उभी राहिले. मी म्हटलं, लग्न होतं. "मग लग्न होतं असं लिही की ग," त्या म्हणाल्या. "लग्नाला जायला कुणी ना म्हटलंय? खोटं कारण मी घेत नाही, एवढंच. आज पोट लिहिलं, उद्या पोट हेच कारण होऊन बसेल." चिठ्ठी पुन्हा लिहून आणली तेव्हा त्यांनी ती वहीत चिकटवली आणि शाल्मलीला विचारलं, नवरी कशी होती.

हे सगळं सांगते आहे कारण पुढे जे झालं ते या एका खोडीमुळे झालं, असं जयसिंगराव म्हणतात. जयसिंगराव संस्थेचे सचिव. बाजारात त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. पण पुढाऱ्याच्या जीपचा हॉर्न वाजला की दुकानातून उठून उभा राहतो.

शाल्मली तिसरीत गेली ते सत्त्याण्णव साल. तिसरीचा वर्ग शाळेच्या टोकाला, आणि त्या खोलीची मैदानाकडची भिंत बाहेर फुगलेली. जूनच्या पावसात तिचा फुगवटा आणखी वाढला. बाहेरून दोन निलगिरीचे टेकू लावले होते. मी रोज सकाळी तिला सोडायला जायची आणि टेकूच्या बुडाशी माती सरकली आहे का ते बघून यायची. दुपारी कुकरची शिट्टी झाली तरी मी दाराशी जाऊन उभी राहायची. शेवटी मी एक गोष्ट केली जी अक्कांना कधीच सांगितली नाही. वर्गाच्या बाईंना सांगितलं की शाल्मलीला लांबून फळा दिसत नाही. तिला पुढे, भिंतीपासून लांबच्या बाकावर बसवलं. तिच्या जागी भिंतीशी दुसऱ्या कुणाची तरी मुलगी बसली असणार. कुणाची, ते मी विचारलं नाही.

अक्का तीन वर्षं नव्या खोलीच्या बांधकामासाठी अनुदान मागत होत्या. नियमाप्रमाणे अर्ज खात्याकडे करायचा, खात्याचा इंजिनिअर येऊन बघतो, मग मंजुरी. इंजिनिअर दोनदा येऊन धोकादायक असं लिहून गेला होता. पण मंजुरी मिळत नव्हती, कारण कोणत्या शाळांना पैसे द्यायचे ती यादी खात्यात तयार होतच नसे. ती आमदारांच्या घरून जायची आणि खात्यातून शिक्का बसून यायची. पहिल्या वर्षी त्या यादीत एक अशी शाळा होती जिच्या दोन खोल्या आधीच रिकाम्या पडलेल्या. तिला तिसरी मिळाली. दुसऱ्या वर्षी एका शाळेला रंगमंच मिळाला. हे मला अक्कांनी सांगितलं नाही, खात्यातल्या कारकुनाने सांगितलं, आणि सांगताना त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग अक्का दर सोमवारी आमदारांच्या घरी जायला लागल्या. सकाळी सात ते नऊ लोकांना भेटायची वेळ. इकडे मोठ्या माणसाला भेटायला जाताना हातात लिंबू न्यायची रीत आहे. भेटायचं, लिंबू द्यायचं, मग बोलायचं. अक्का शाळेच्या झाडाचं लिंबू न्यायच्या. एका सोमवारी मी बरोबर गेले होते. व्हरांड्यात पन्नास माणसं, आणि टेबलावर परातीत लिंबांचा ढीग. अक्कांनी लिंबू दिलं, आमदारांनी ते न बघता परातीत ठेवलं, म्हणाले, माहीत आहे, भिंत ना, बघू. बाहेर आल्यावर मी चिडले होते. अक्का म्हणाल्या, "पूर्वी भिंत कुणाची म्हणून विचारायचा. आता माहीत आहे म्हणतो. स्वल्प पुढे गेलंय की." अकरा सोमवार झाले. अकरा लिंबं.

मंजुरी शेवटी लिंबांनी आली नाही. आमदारांच्या वाढदिवसाला जयसिंगरावांनी शाळेचं मैदान दिलं आणि दोनशे मुलं दोन तास उन्हात बसवली, हातात कागदी झेंडे देऊन. अक्का त्या दिवशी शेवटच्या ओळीत मुलांबरोबर उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. पंधरा दिवसांनी यादीत आमचं नाव आलं. दिवाळी नुकतीच झाली होती. काम सुरू करावे, असा खात्याचा लेखी आदेश अक्कांच्या टेबलावर आला, आणि अक्कांनी, चौतीस वर्षांत आदेश आला की तसं करायची सवय लागलेल्या बाईने, काम सुरू केलं.

हीच त्यांची चूक.

मेस्त्री ओळखीचा होता आणि दहा दिवस मोकळा होता. बारा नोव्हेंबरला त्याने नारळ फोडला आणि मैदानाच्या कडेला चर खणायला घेतला. चौदा तारखेला बालदिन. मुलांची गाणी होती म्हणून मी आमचा कॅमेरा घेऊन गेले. विलासने तो ऑफिसातल्या कुणाकडून घेतलेला, फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापणारा. गाणी झाल्यावर शाल्मली चरात उतरली आणि हात वर करून उभी राहिली. चर तिच्या गळ्यापर्यंत होता. मला इतका आनंद झाला होता त्या खड्ड्याचा, की मी तिला बाहेर ये म्हणायच्या आधी फोटो काढला.

पुढच्या आठवड्यात आमदारांचा माणूस आला. नरसिंह त्याचं नाव. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, बोलायला अतिशय मऊ. मी त्या वेळी अक्कांच्या खोलीत शाल्मलीची फी भरत होते. बोलणं कन्नडात चाललं होतं, पण तेवढं मला कळतं.

"अक्का, पाया खणला म्हणे," नरसिंह म्हणाला. "कुणाच्या हस्ते?"

"मेस्त्रीच्या," अक्का म्हणाल्या. "त्याला चांगलं खणता येतं."

नरसिंह हसला नाही. इथे सरकारी पैशाच्या कामाची सुरुवात गुद्दली पूजेने होते. गुद्दली म्हणजे कुदळ. मांडव घालायचा, कुदळीला हळदकुंकू लावायचं, आमदारांनी पहिला घाव घालायचा, फोटो निघायचे, मग काम. हे कुठल्याही आदेशात लिहिलेलं नसतं, आणि ते न करता खणलं तर काय होतं तेही कुठे लिहिलेलं नसतं. नरसिंहने ते सांगितलं. साहेबांना वाईट वाटलंय. साहेबांनी मिळवून दिलेलं अनुदान, आणि साहेबांना पत्ता नाही. साहेब पूजेला येतील. पण खणलेल्या जागेवर साहेब कुदळ कुठे मारणार?

अक्का म्हणाल्या, चराच्या टोकाला हातभर जागा राहिली आहे, तिथे मारू देत.

नरसिंह म्हणाला, फोटोत चर दिसेल.

संध्याकाळी जयसिंगराव आले. काय ठरलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी टेकू बघायला गेले तेव्हा मला दिसलं. मेस्त्री आणि त्याची दोन माणसं चर बुजवत होती. काढलेली माती परत आत, वरून पाणी, वरून चोपणी. मेस्त्री मला बघून म्हणाला, तीस वर्षं हे काम करतोय, खणायची मजुरी घेतली आहे, बुजवायची पण घेतली आहे, एकाच खड्ड्याची दोन्ही पहिल्यांदा घेतोय. अक्का व्हरांड्यात उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्ही हे होऊ कसं दिलंत. आवाज चढला होता माझा. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे मा. कुदळ मारून जाईल, मग आपण आपलं काम करू. त्याच्या मानपानासाठी भिंतीला अडवून धरू काय मी?"

पंधरा दिवस. पूजेची तारीख ठरली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मांडव आला, खुर्च्या आल्या, मुलांनी जमिनीवर रांगोळी काढली, बरोब्बर त्या जागी जिच्याखाली खणलेला पाया होता. त्याच आठवड्यात दिल्लीत लोकसभा बरखास्त झाली. आमदार पक्षाच्या बैठकीला गेले. मांडव परत गेला. दुसरी तारीख ठरली नाताळच्या आसपास. मांडव पुन्हा आला आणि या वेळी रात्रभर तसाच राहून परत गेला. तिसरी तारीख जानेवारीतली. मेस्त्री दुसऱ्या कामावर निघून गेला. आणि तिसऱ्या तारखेच्या आधी निवडणुका जाहीर झाल्या, आचारसंहिता लागली.

आचारसंहितेत नवं सरकारी काम सुरू करता येत नाही. चालू असलेलं चालू ठेवता येतं. आणि मार्चअखेर काम सुरू झालेलं नसेल तर पैसा परत.

खात्याचा इंजिनिअर बघायला आला. तरुण, घाईतला, पण सरळ मुलगा. त्याने मैदान बघितलं. मैदान सपाट होतं, त्यावर चौथीची मुलं लगोरी खेळत होती. त्याने कागदावर लिहिलं, काम सुरू नाही. अक्कांनी सांगितलं की सुरू झालं होतं. तो म्हणाला, टीचर, मी काय लिहू, मला इथे मुलं दिसतायत. नवी खोली आता पुढच्या यादीत, पुढच्या वर्षी, म्हणजे आणखी एक पावसाळा त्या भिंतीखाली. हे अक्का मला फाटकापाशी सांगत होत्या आणि सांगता सांगता त्यांनी सवयीने टेकूला हात लावून बघितला. तेव्हा मला कळलं की मी एकटीच तो बघत नव्हते.

फोटो मला त्याच संध्याकाळी आठवला. भाजी चिरता चिरता. अल्बममधून काढला आणि विलासला दाखवला. शाल्मली हात वर करून उभी, गळ्यापर्यंत मातीत, मागे टेकू लावलेली भिंत, आणि कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत चौदा, अकरा, सत्त्याण्णव. विलास म्हणाला, या भानगडीत तू पडू नकोस. मी म्हटलं, भानगडीत आपली मुलगी बसते आहे, रोज सकाळी साडेनऊला.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी फोटो हातात घेतला आणि पहिलं विचारलं, पोरीला आत कुणी उतरवलं, कडा कच्ची होती. मग त्यांनी आकड्यांवर बोट ठेवून तारीख वाचली. इंजिनिअरला फोटो दाखवला. त्याने तो आदेशाच्या तारखेशी ताडून बघितला आणि म्हणाला, हे चालेल, काम आदेशानंतर आणि आचारसंहितेच्या आधी सुरू झालं आहे, चालू काम म्हणून धरतो. पण खणलेला पाया बुजवला का, याचं लेखी कारण मुख्याध्यापिकेच्या सहीने फाइलला लागेल.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. कारण काय, मुलं पडू नयेत म्हणून बुजवला. मीच सुचवलं. इंजिनिअर म्हणाला, उत्तम, तसंच लिहा. जयसिंगराव म्हणाले, तेही नको, काहीच लिहू नका, निवडणूक होऊ दे, साहेब पुढच्या यादीत नाव घालतो म्हणालेत. पूजेशिवाय काम सुरू झालं तर त्यांचा दुसऱ्यांदा अपमान. आणि अक्का, तुमचे पेन्शनचे कागद मेमध्ये त्याच खात्यातून जायचे आहेत, हे तरी लक्षात घ्या. अक्कांना मेअखेर निवृत्त व्हायचं होतं. घरी त्या आणि त्यांची थोरली नणंद तानूबाई, जी अंथरुणाला खिळलेली. दुसरं कमावणारं कुणी नाही.

मी म्हटलं, अक्का, मुलं पडू नयेत म्हणून, एवढं लिहा आणि विषय संपवा. कुणाचं नाव येत नाही, कुणाचा अपमान होत नाही.

अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मुलं पडू नयेत म्हणून बुजवला असेल तर मुलं काय खड्ड्यात पडत होती?" त्या म्हणाल्या. "ती भिंतीखाली बसतायत. तीनशे पोरांच्या चिठ्ठ्या परत केल्या मी, सुचेता. तुझ्या पोरीची पण."

त्यांनी चार ओळी लिहिल्या, कन्नडमध्ये. मी त्यांना वाचून दाखवायला सांगितलं. पाया बारा नोव्हेंबरला खणला. एकवीस नोव्हेंबरला बुजवला. माननीय आमदारांना त्याच जागी कुदळ मारता यावी, म्हणून बुजवला. मुलांना खोलीची गरज असल्याने पुन्हा खणत आहोत. खाली सही, तारीख, शाळेचा शिक्का.

इंजिनिअरने ते वाचलं आणि म्हणाला, टीचर, हे असंच लावू? त्या म्हणाल्या, असंच. जयसिंगराव खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

मला त्या क्षणी अक्कांचा राग आला, हे लिहायला हवं. अभिमान वगैरे नंतरचं. पहिला आला तो राग. एक साधं वाक्य, सगळ्यांच्या सोयीचं, आणि ही बाई ते लिहीत नाही. आणि लिहीत नाही ती माझ्याच फोटोच्या जोरावर.

काम सुरू झालं. मेस्त्री परत आला, त्याच चरातली तीच माती तिसऱ्यांदा हलवली. एप्रिलमध्ये भिंती उभ्या राहिल्या, मेमध्ये वरचा स्लॅब पडला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिसरीचा वर्ग नव्या खोलीत बसला. शाल्मली तेव्हा चौथीत गेली होती, त्यामुळे तिच्या वाट्याला ती खोली आलीच नाही. पण जुनी खोली रिकामी झाली, टेकू काढले आणि जुलैच्या एका रविवारी ती भिंत पडली. मैदानावर कुणी नव्हतं. सोमवारी सकाळी मी विटांच्या ढिगाशी उभी राहिले आणि मला तो मागचा बाक आठवला. भिंतीशी बसायची ती मुलगी भव्या, हे मला नंतर कळलं. रिक्षा चालवणाऱ्याची.

ऑगस्टमध्ये उद्घाटन झालं. आमदार आले. दाराशी काळ्या दगडाची पाटी बसवली, तिच्यावर त्यांचं नाव, अध्यक्ष म्हणून आणखी एक नाव, प्रमुख उपस्थिती म्हणून चार नावं. पाटीवर लिहिलंय की गुद्दली पूजा त्यांच्या अमृतहस्ते झाली. तारीखही दिलेली आहे. ती तारीख डिसेंबरमधली आहे, त्या दिवसाची, ज्या दिवशी मांडव पहिल्यांदा परत गेला होता. अक्का पालकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, पाटी वाचलीत का. "वाचली," त्या म्हणाल्या. "शुद्धलेखन बरोबर आहे."

पेन्शन अजून सुरू झालेलं नाही. आज जानेवारी संपत आली. आठ महिने. पहिल्यांदा कळवलं की एकाहत्तर सालच्या सेवापुस्तकातल्या एका पानावर शिक्का पुसट आहे. शिक्का दाखवला. मग म्हणाले, संस्थेच्या सचिवांचं ना हरकत पत्र हवं. जयसिंगरावांनी ते द्यायला दोन महिने घेतले, आणि दिलं तेव्हा खाली मान घालून दिलं. मग फाइल सापडेना. मग सापडली. सोमवारी अक्का खात्यात जातात, पूर्वी आमदारांकडे जात तशा. तानूबाईंची औषधं त्या आता थोडी थोडी आणतात, एकदम महिन्याची नाही.

मागच्या आठवड्यात तिथल्या अधीक्षकाने तोडगा सांगितला. मी बरोबर होते. त्याचं म्हणणं, आठ महिने उशीर झाला, तर उशिराचं कारण फाइलला लागणार. अक्कांनी लिहून द्यावं की कागद सादर करायला त्यांच्याकडूनच विलंब झाला. मग तो क्षमापित करून घेता येईल आणि पैसे महिन्याभरात सुटतील. इतकं सभ्यपणे सांगितलं त्याने, की मला ओरडताही आलं नाही. कागद अक्कांनी मार्चमध्ये दिले होते, पोचपावती आहे. ती मी टेबलावर ठेवली. तो म्हणाला, पावती आहेच हो मॅडम, पावतीबद्दल कुणी काही म्हणत नाहीये.

खात्यातले इंग्रजी अर्ज मी लिहून देते. म्हणून तोही मीच लिहिला. विलास म्हणाला, या वेळी तरी लिहून टाक. तानूबाईंच्या औषधांचा विचार करून लिहिला. अर्जदाराकडून काही घरगुती अडचणींमुळे कागदपत्रे सादर करण्यास विलंब झाला. एवढंच वाक्य. त्यात कुणाचं नाव नाही. मी स्वतःला समजावलं की घरगुती अडचण आहेच ना घरात, अंथरुणावर पडलेली. शाल्मलीच्या हाती अक्कांकडे सहीसाठी पाठवला.

आज संध्याकाळी तो परत आला. सही नाही. घरगुती अडचणींभोवती लाल शाईचं वर्तुळ, आणि समासात मराठीत, त्यांच्या शनिवारच्या तासाच्या गोल गोल अक्षरात, कारण खरे नाही, पुन्हा लिहावे. शाल्मलीने ते वाचलं आणि मला विचारलं, आई, तुला पण?

जेवणं झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले होते. भांडायलाच गेले होते. मी म्हटलं, अक्का, तुमचं खरं कारण त्या फाइलीत कुणी वाचत नाही, ते फक्त तुम्हाला छळायला वापरतात. तुमचं शाळेतलं काम झालं, मुलं सुटली, खोली झाली, आता कुणासाठी अडून बसला आहात. त्या तानूबाईंना पाणी पाजत होत्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "मी उशीर केला असं लिहिलं, की त्यांनी केला नाही असं होतं. मग माझ्यामागून जी येईल तिला पण हेच सांगतील. मागच्या मुख्याध्यापिकेने लिहून दिलं होतं, म्हणून." मग म्हणाल्या, "तू लिही. तुझं इंग्रजी चांगलं आहे. खरं लिहायला जास्त चांगलं लागतं."

मी चप्पल घालून निघाले. रस्त्याने येताना बोलले, एकटीच.

तर आता घरातले झोपले आहेत आणि मी पुन्हा लिहायला बसले आहे. अर्जदाराने कागदपत्रे पाच मार्च अठ्ठ्याण्णव रोजी सादर केली, पोचपावती जोडली आहे. विलंब कार्यालयाकडून झाला. त्याचे कारण अर्जदाराच्या मते तिने त्याच वर्षी जानेवारीत दिलेले एक लेखी निवेदन आहे, त्याची प्रत जोडली आहे. निवेदनाच्या पुष्ट्यर्थ एक छायाचित्र जोडले आहे. हे सगळं लिहून मी खाली साक्षीदार म्हणून माझं पूर्ण नाव आणि पत्ता घातला आहे, आणि हात थोडा थांबला, कारण शाल्मलीला अजून सव्वा वर्ष त्याच शाळेत काढायचं आहे.

फोटो अक्कांच्या फाइलमधला त्या लोकांनी गहाळ केला आहे, असं गेल्या सोमवारी कळलं. हरकत नाही. निगेटिव्ह माझ्याकडे आहे. बाजारातल्या स्टुडिओत चार प्रती काढायला टाकल्या आहेत, सोमवारी सकाळी नऊला मिळतील. खातं दहाला उघडतं.